पावसाळ्यात दार का अडकतं? पॅनेल दरवाजा नीट समजून घेऊ

(हा एपिसोडचा लिखित मजकूर आहे. ऐकायला साधारण १६ मिनिटं लागतात. मापं आणि हिशोब ऐकताना निसटतात, म्हणून ते इथे जरा सावकाश मांडलेत.)

००:०० सुरुवात

आजचा विषय दाराचा. घराच्या लाकडी दाराचा.

तुम्ही म्हणाल, दारात काय समजून घ्यायचं? दुकानात जायचं, डिझाइन बघायचं, फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकायचा, आई-बाबांनी हो म्हटलं की झालं. पण घर बांधताना फरशीचा रंग चुकला तर चालून जातं. दार चुकलं तर ते रोज सांगतं, दिवसातून दहा वेळा सांगतं.

एक उदाहरण घेऊ. वाशिम जिल्ह्यात कारंजा तालुक्यात कामरगाव आहे. समजा तिथे एक घर बांधून होत आलंय. आजोबांनी धुऱ्यावर लावलेला साग आहे. बाबा म्हणतात, बाहेरून दार कशाला आणायचं, घरचं लाकूड आहे की! मार्चमध्ये झाड पडलं, आरामशीनवर फळ्या निघाल्या, एप्रिलमध्ये दार तयार होऊन बसलंसुद्धा. मे महिन्याचं ऊन लागलं आणि पॅनेलला मधोमध चीर गेली. जोड उघडले. पावसाळ्यापर्यंत दार असं पिळलं की वरचा कोपरा चौकटीला टेकतो आणि खालचा दोन बोटं बाहेर राहतो.

मग घरात एकच वाक्य ऐकू येतं: "मिस्त्रीनं काम बिघडवलं."

असं घडू शकतं की मिस्त्रीचा हात उत्तम होता आणि झाडही उत्तम होतं. घाई तेवढी नडली. ती का नडली, ते आज बघू. शेवटी एक छोटी यादी आहे, तिचा स्क्रीनशॉट घ्या.

०२:०० लाकूड हलतं म्हणजे काय?

झाड कापलं तरी लाकूड हवेशी देवाणघेवाण करत राहतं. हवा दमट असली की ते ओलावा घेतं आणि फुगतं. हवा कोरडी झाली की ओलावा सोडतं आणि आकसतं. हे पन्नास वर्षांच्या जुन्या दारातही चालू असतं. पॉलिश किंवा रंगाने वेग कमी होतो, थांबत नाही.

गंमत अशी की लाकूड सगळीकडून सारखं हलत नाही. लांबीत जवळपास हलतच नाही. सात फुटी फळी वर्षभर सात फुटीच राहते. हालचाल होते ती रुंदीत, म्हणजे रेषांच्या आडवी.

आता आपल्या वऱ्हाडातली हवा आठवा. मे महिन्यात कूलरशिवाय बसवत नाही, ओठ फुटतात, कपडे तासाभरात वाळतात. जुलै-ऑगस्टमध्ये तेच कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. लाकडाला हा फरक आपल्यापेक्षा जास्त जाणवतो. कोकणात हवा बरीचशी वर्षभर दमट असते, तिथल्या लाकडाला इतका मोठा झोका बसत नाही. विदर्भात बसतो.

थोडा हिशोब करू. साग हे कमी हलणाऱ्या लाकडांपैकी आहे, म्हणूनच तर त्याचं नाव आहे. तरीही लाकडातला ओलावा १ टक्क्याने बदलला, तर साधी चिरलेली सागाची फळी रुंदीत साधारण ०.१८ ते ०.२ टक्के बदलते. उन्हाळा ते पावसाळा ओलाव्यात ६ टक्क्यांचा फरक धरा. म्हणजे रुंदीत १.१ टक्क्याच्या आसपास फरक.

तीन फुटी दार, म्हणजे ९०० मिलिमीटरच्या वर. ते फळ्या एकमेकींना चिकटवून एकसंध केलं असेल, तर वर्षभरात त्याची रुंदी जवळपास १० मिलिमीटर कमी-जास्त होणार. म्हणजे एक सेंटीमीटर! दार आणि चौकट यांच्यात आपण फट ठेवतो ३ मिलिमीटरची. मग ते अडकणार नाही तर काय होणार?

०४:४५ पॅनेल दरवाज्याची युक्ती

पॅनेल दरवाजा म्हणजे नक्षीचे चौकोन असलेलं दार, असं बऱ्याच जणांना वाटतं. चौकोन सुंदर दिसतात हे खरं. पण ते सुरू झाले या हालचालीवर उपाय म्हणून.

त्याची रचना अशी असते. दोन उभ्या पट्ट्या, डाव्या आणि उजव्या कडेला. त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या, म्हणजे वर एक, मधे कुलपाच्या उंचीला एक, खाली एक. ही झाली दाराची स्वतःची चौकट. या पट्ट्यांच्या आतल्या कडेला खाच पाडलेली असते, आणि त्या खाचेत पातळ पॅनेल नुसतं सरकवलेलं असतं.

"नुसतं सरकवलेलं" हे शब्द लक्षात ठेवा. पॅनेलला फेविकॉल नाही, खिळा नाही. ते खाचेत मोकळं असतं. फुगलं तर खाचेत आणखी आत जातं, आकसलं तर थोडं बाहेर येतं. बाहेरच्या मापाला धक्का लागत नाही.

आता तोच हिशोब पुन्हा करा. दाराची रुंदी आता कशावर ठरते? आडव्या पट्ट्यांच्या लांबीवर, आणि लांबी हलत नाही. हलतात त्या फक्त दोन उभ्या पट्ट्या, प्रत्येकी साडेचार इंच धरा. दोन्ही मिळून नऊ इंच, म्हणजे सुमारे २३० मिलिमीटर. त्याचे १.१ टक्के झाले अडीच मिलिमीटर.

लाकूड तेच, हवा तीच. एकसंध दार १० मिलिमीटर हलतं, पॅनेल दार अडीच. आणि पॅनेल? साडेअकरा इंची पॅनेल सव्वातीन मिलिमीटरच्या आसपास हलेल, म्हणजे एका बाजूला दीड-पावणेदोन. खाच अर्धा इंच खोल असेल तर ते आतल्या आत जिरून जातं.

लाकडाला हलू न देण्याचा प्रयत्न केला तर ते फुटतं. पॅनेल दरवाजा त्याला हलायला जागा देतो. आजच्या एपिसोडमधलं एकच वाक्य लक्षात राहिलं तरी चालेल, ते हे.

जुन्या वाड्यांच्या दारांमध्येही हाच विचार दिसतो, वेगळ्या रूपात. तिथे उभ्या जाड फळ्या शेजारी शेजारी लावून मागून आडव्या पट्ट्या ठोकलेल्या असतात. प्रत्येक फळी आपापली हलते, फटी कमी-जास्त होतात, पण दार टिकतं.

०७:०० जोड कसा असतो?

आडवी पट्टी उभ्या पट्टीला जोडताना चांगला सुतार, आपल्याकडे त्याला वाढईही म्हणतात, आडव्या पट्टीच्या टोकाला जीभ काढतो. जुने सुतार तिला कुसू म्हणतात. उभ्या पट्टीत पटाशीने त्याच मापाचं भोक पाडतो. जीभ भोकात घट्ट बसते. तिथे मात्र गोंद लागतो आणि वरून लाकडी खुंटीही ठोकतात. म्हणजे चौकटीचे जोड पक्के आणि पॅनेल मोकळं. हे उलटं झालं की दार बिघडतं.

घाईच्या कामात काय होतं? जीभ-भोक न करता पट्ट्या नुसत्या टेकवून लांब स्क्रू मारतात, किंवा पॅनेलला कडेने गोंद भरतात, "म्हणजे खडखड होणार नाही". पहिल्या उन्हाळ्यात पॅनेल आकसायला बघतं, कडा धरून ठेवलेल्या असतात, मग ते मधे फाटतं. पॅनेलची चीर बघितली की नव्वद टक्के लोक म्हणतात लाकूड खराब. आधी गोंद आहे का ते बघा.

आणखी एक बारीक गोष्ट. पॅनेलला पॉलिश किंवा रंग लावायचा असेल तर निदान त्याचा पहिला हात पॅनेल खाचेत बसवण्याआधी द्यायला सांगा. नाहीतर पॅनेल आकसल्यावर कडेला कोऱ्या लाकडाची पांढरट रेघ उघडी पडते आणि दरवर्षी उन्हाळ्यात तोंड दाखवते.

०८:३० लाकूड: नाव मोठं, पण वाळलंय का?

सागाच्या बाबतीत विदर्भ श्रीमंत आहे. लाकूडबाजारात तुम्हाला "सीपी साग" हा शब्द ऐकू येईल. हे सीपी म्हणजे सेंट्रल प्रोव्हिन्सेस, इंग्रजांच्या काळातला मध्य प्रांत. प्रांताचं नाव गेलं, पण सागाच्या भावात ते अजून जिवंत आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या बल्लारशाहचं सागवान प्रसिद्ध आहे. मार्च २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या दरवाज्यांसाठी लाकूड तिथूनच रवाना झालं.

पण नावाजलेल्या जंगलाचं लाकूडही ओलं वापरलं तर फसवतं. ताज्या कापलेल्या झाडात पाणी भरपूर असतं. घराच्या दारासाठी ते खाली आणून साधारण १० ते १२ टक्क्यांवर यायला हवं. दोन टोकं टोचून ओलावा दाखवणारं मॉइश्चर मीटर मिळतं. चांगल्या लाकूडवाल्याकडे ते असतं. "दादा, जरा मीटर लावून दाखवता का?" एवढं विचारायला लाजायचं नाही.

घरचा साग असेल तर आधी कागदपत्रं. साग आपल्या शेतात असला तरी तो मनाला येईल तेव्हा तोडता येत नाही. महाराष्ट्रात झाडे तोडण्याच्या नियमनाचा १९६४ चा कायदा आहे आणि साग त्या यादीत येतो. वनविभागाकडे अर्ज करून परवानगी घ्यायची, आणि लाकूड हलवायला वाहतूक परवाना घ्यायचा. यात वेळ जातो, म्हणून घराचा पाया घेतानाच अर्ज करा. तोपर्यंत लाकूड वाळायलाही वेळ मिळतो.

वाळवायचं कसं? फळ्या थेट उन्हात टाकायच्या नाहीत, चिरा पडतात. सावलीत, जमिनीपासून वीतभर उंच, दोन फळ्यांच्या मधे सारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवून थप्पी लावायची, म्हणजे हवा खेळते. फळ्यांच्या टोकांना रंग फासायचा, कारण टोकातून पाणी फार लवकर उडतं आणि तिथेच फाट सुरू होते. इंचभर जाडीच्या फळीलाही काही महिने लागतात. घरगुती परीक्षा हवी असेल तर एका तुकड्यावर खूण करा आणि दर पंधरा दिवसांनी वजन करा. वजन उतरायचं थांबलं की लाकूड त्या हवेपुरतं वाळलं.

दुसरी गोष्ट, गाभा आणि पांढरं. सागाचा मधला सोनेरी-तपकिरी भाग म्हणजे गाभा. त्यात नैसर्गिक तेलकट द्रव्यं असतात, वाळवी त्याच्या वाट्याला सहसा जात नाही. सालीजवळचा फिकट, पांढरट भाग मात्र साध्या लाकडासारखाच असतो. त्यात भुंगा लागतो, खाली पिठासारखा भुसा पडतो. धुऱ्यावरच्या कोवळ्या झाडात हा पांढरा भाग खूप असतो. "पूर्ण साग आहे" हे वाक्य दोन्हीला लागू पडतं, म्हणून रंग स्वतः बघा. पॉलिश व्हायच्या आधी बघा, नंतर सगळं एकाच रंगाचं दिसतं.

११:१५ बिल कसं तपासायचं?

लाकूड घनफुटावर मिळतं. हिशोब सोपा आहे: लांबी फुटात, रुंदी इंचात, जाडी इंचात, तिघांचा गुणाकार करायचा आणि १४४ ने भागायचं.

पावणेसात फूट उंच आणि तीन फूट रुंद पॅनेल दार धरू, पट्ट्यांची जाडी दीड इंच.

दोन उभ्या पट्ट्या, साडेचार इंच रुंद: सुमारे ०.६३ घनफूट.
तीन आडव्या पट्ट्या, वरची साडेचार इंच, मधली आणि खालची आठ-आठ इंच: सुमारे ०.६४ घनफूट.
पॅनेलं इंचभर जाडीची: साधारण १ घनफूट.

एकूण सव्वादोन ते अडीच घनफूट. त्यात कापण्या-रंधण्यातली घट वेगळी. भिंतीतली चौकट चार बाय अडीच इंचाची असेल, तर तिला सव्वा घनफुटाच्या आसपास. आता कुणी एका दाराला सात-आठ घनफूट लाकूड सांगितलं, तर हसत हसत "जरा मापं सांगा ना" म्हणता येईल.

यातून वजनही कळतं. वाळलेला साग घनफुटाला १८ किलोच्या आसपास भरतो, म्हणजे असं दार ४० किलोच्या पुढे जातं. त्याला दोन बिजागऱ्यांवर लटकवू नका. तीन हव्यात, आणि स्क्रू लांब हवेत.

१२:४५ तयार दार घेताना

प्रत्येक दार सागाचं पॅनेलच हवं असं नाही. खिसा बघूनच ठरवायचं.

बाहेरचं मुख्य दार: इथे खरं पॅनेल दार शोभतं आणि टिकतं. बजेट कमी असेल तर सागाच्या पट्ट्या आणि पाण्याला टिकणाऱ्या प्लायवुडचं पॅनेल, हाही प्रामाणिक पर्याय आहे. प्लायवुडचे थर एकमेकांना आडवे असल्याने ते फारसं हलत नाही.

आतल्या खोल्या: फ्लश दार पुरतं. आयएसआय खूण बघा. फ्लश दाराला आयएस २२०२ आणि लाकडी पॅनेल दाराला आयएस १००३ हे मानक आहे.

बाथरूम: तिथे लाकडाचा हट्ट नको. पीव्हीसी किंवा डब्ल्यूपीसी घ्या.

एक फसगत टाळा. दुकानात पॅनेलसारखी दिसणारी मोल्डेड दारं असतात. दाबून आकार दिलेला पातळ पत्रा, आत बऱ्याचदा पोकळ किंवा हलका भराव. आतल्या खोलीला ती चालतात, पण लाकडी पॅनेल दाराच्या भावात घेऊ नका. ओळखायचं कसं? खऱ्या पॅनेल दारात उभ्या पट्टीवरच्या रेषा उभ्या असतात, आडव्या पट्टीवरच्या आडव्या, आणि दोघींच्या मधे जोडाची रेघ दिसते. मोल्डेड दारात जोडच नसतो, सगळं एकाच पत्र्यावर छापलेलं. दाराची वरची कड बघा, आणि बोटाने टकटक करा. आवाज सांगतो.

१४:१५ दार अडकलं तर आधी रंधा नको

पावसाळ्यात दार अडकलं की आपण लगेच म्हणतो, रंधा मारून द्या. थांबा. आधी तीन गोष्टी बघा.

पहिली, वरची बिजागरी. स्क्रू ढिले झाले की दार खाली झुकतं आणि कुलपाच्या बाजूला खालचा कोपरा घासतो. पाच मिनिटांचं काम असतं.

दुसरी, चौकटीचे कर्ण. वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालच्या उजव्यापर्यंत टेपने मोजा, मग उलट्या बाजूने. दोन्ही मापं सारखी असतील तर चौकट गुण्यात आहे. फरक असेल तर दोष दारात नाही, भिंतीत आहे. आपल्या भागात काळी माती आहे. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पाया उथळ असेल तर भिंत हलते, चौकट तिरकी होते, दाराच्या कोपऱ्यापासून भिंतीत तिरपी भेग जाते. तिथे दार तासणं म्हणजे डोकेदुखीला पायाला मलम.

तिसरी, खरोखर फुगलंय का? तसं असेल तर दिवाळीपर्यंत धीर धरा. हवा कोरडी झाली की बरंचसं दार आपोआप सुटतं. ऑगस्टमध्ये तासलेलं दार मे महिन्यात फट दाखवतं, आणि तासलेलं लाकूड परत येत नाही. तासावंच लागलं तर थोडंच, आणि तासलेल्या कडेला लगेच पॉलिश किंवा रंग. दाराची वरची आणि खालची कड बहुतेक घरांत कोरीच राहिलेली असते, कारण ती दिसत नाही. पाणी तिथूनच शिरतं. आज घरी गेल्यावर वरच्या कडेवरून हात फिरवून बघा.

नवीन दार बसवतानाही ऋतू बघा. उन्हाळ्यात बसवताय तर फट थोडी सढळ ठेवायची, पुढे ते फुगणार आहे. भर पावसाळ्यात बसवताय तर फट बारीक ठेवली तरी चालते.

१५:३० स्क्रीनशॉटसाठी

१. लाकडाचा ओलावा मीटरवर बघितला का?
२. पॉलिशच्या आधी गाभा किती, पांढरं किती ते बघितलं का?
३. पट्ट्यांना जीभ-भोकाचा जोड आहे का?
४. पॅनेल खाचेत मोकळं आहे ना? गोंद किंवा खिळा नाही ना?
५. पॅनेलला बसवण्याआधी पहिला हात दिला का?
६. वरची आणि खालची कड रंगवली का?
७. तीन बिजागऱ्या आहेत का?
८. चौकटीचे दोन्ही कर्ण सारखे आहेत का?

ही यादी मिस्त्रीला पकडायला वापरू नका. काम सुरू व्हायच्या आधी त्यांच्यासोबत चहा घेत बसून वाचा. चांगल्या कारागिराला असे प्रश्न आवडतात, कारण घाई करणारं गिऱ्हाईक त्यालाही नको असतं. आणि धुऱ्यावरच्या सागाने इतकी वर्षं वाट बघितली असेल, तर फळ्या वाळायला आणखी काही महिने त्याला द्यायला हरकत नाही.

तुमच्या घराचं दार कोणत्या महिन्यात अडकतं, ते व्हॉइस नोट करून पाठवा. घरात कुणी दार करून घेत असेल तर हा भाग त्यांना आजच फॉरवर्ड करा, दार बसल्यावर उपयोग नाही. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!